शेतराखणीसाठी परदेशी कुत्रा : जाहिरात व वस्तुस्थिती

पुसद तालुक्यातील शेती पूस नदीच्या खोऱ्यात व भोवतालच्या डोंगरउतारांवर पसरलेली आहे. दक्षिणेस पैनगंगा वाहते. कित्येक शिवारांचा धुरा थेट रानाला भिडलेला असल्यामुळे कापूस, सोयाबीन, तूर, हरभरा आणि ऊस या पिकांना रानडुक्कर व रोही यांचा उपद्रव नित्याचा झाला आहे. पेरलेले बियाणे उकरले जाते, शेंगा भरत असताना तूर मोडली जाते, आणि एका रात्रीत अर्ध्या एकराची धूळधाण झालेली सकाळी दिसते. पूर्वी घरातील दोन माणसे पाळीपाळीने जागलीला जात. आता सालदार मिळणे कठीण झाले आहे, तरुण मुले शिक्षणासाठी बाहेरगावी असतात, आणि मळ्यात एकटा राहणारा म्हातारा माणूस रात्रभर डबा वाजवीत बसू शकत नाही. त्यातच विहिरीवरील मोटारीची केबल व गोठ्यातील शेळ्या चोरीस जाण्याचे भय आहे.

अशा अडचणीत सापडलेल्या शेतकऱ्याच्या हाती मोबाइलवरील एखादी चित्रफीत पडते. तीत एक धिप्पाड परदेशी कुत्रा जाड अस्तराचा अंगरखा घातलेल्या माणसावर झेप घेतो, त्याचा दंड पकडून त्यास लोळवितो, आणि धन्याच्या एका शब्दासरशी बाजूला होतो. खाली किंमत लिहिलेली असते. कधी ती पन्नास हजार असते, कधी लाखाच्या घरात जाते. पीककर्जाची रक्कम नुकतीच खात्यावर जमा झालेली असेल, तर हा खर्च एका हंगामात भरून निघेल असा हिशेब मनात तयार होण्यास वेळ लागत नाही. हा हिशेब कोठे चुकतो, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

परदेशी जाती कशासाठी तयार झाल्या

ज्यांची जाहिरात अधिक होते त्या जाती नाना देशांतील नाना कामांसाठी निपजविलेल्या आहेत. जर्मन शेफर्ड हा मुळात मेंढपाळाचा कुत्रा. जर्मनीत १८९९ साली या जातीचा संघ स्थापन झाला आणि पुढे तिला पोलीस व सैन्याच्या कामी लावण्यात आले. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये जर्मन नाव नकोसे झाले, तेव्हा त्याच कुत्र्यास अल्सेशियन हे नाव मिळाले आणि आपल्याकडे ते दीर्घकाळ रूढ राहिले. कुत्रा तोच, बाजाराप्रमाणे नाव मात्र बदलले, असा हा जुना दाखला आहे. डॉबरमन ही जात जर्मनीतील आपोल्डा या गावच्या एका करवसुली करणाऱ्या गृहस्थाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सोबतीसाठी तयार केली. रॉटवायलर हा खाटकांची गुरे हाकणारा कुत्रा होय. बेल्जियममधील मेखेलेन शहरावरून नाव पडलेला मालिन्वा आज जगभरच्या पोलीस व सैन्यदलांत वापरला जातो. तुर्कस्तानातील सिवास प्रांताचा कांगाल आणि कॉकेशस पर्वतातील कॉकेशियन शेफर्ड हे मात्र खरोखरीच कळपाचे राखणदार आहेत. लांडगा व अस्वल यांपासून मेंढरे राखणे हे त्यांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे काम.

यांपैकी एकही जात उभ्या पिकाची राखण करण्यासाठी निपजविलेली नाही. कळप राखणारा कुत्रा ज्या मेंढरांत वाढतो त्यांना आपले गणगोत मानतो व त्यांच्याजवळून हलत नाही. पाच एकर कपाशीविषयी त्यास असे काही वाटावे, हे त्याच्या स्वभावात नाही. मालिन्वाला तर दिवसभर काम हवे असते. ते न मिळाल्यास तो साखळी चावतो, गोठ्याचे दार कुरतडतो आणि अखेर ज्याच्यावर धावून जाऊ नये त्याच्यावर धावून जातो.

चित्रफितीत काय दिसते आणि काय दिसत नाही

झेप घेणाऱ्या कुत्र्याचे प्रात्यक्षिक खोटे असते असे नव्हे. पण त्याचा अर्थ पाहणारा लावतो तो नसतो. अस्तराची बाही पकडणे हा कुत्र्याला लहानपणापासून शिकविलेला खेळ असतो. प्रथम चिंधी, मग गोणपाटाचा तुकडा, मग मऊ बाही, मग कडक बाही, अशा पायऱ्यांनी त्याची आवड वाढविली जाते. बाही पकडली की ती बक्षीस म्हणून त्याला मिळते. पुष्कळ कुत्री माणसाकडे पाहत नाहीत, बाहीकडे पाहतात. बाही काढून जमिनीवर टाकली तर माणसाला सोडून ती बाहीमागे जातात. जर्मनीत अशा चाचण्या मुळात पैदाशीसाठी कुत्री निवडण्याकरिता सुरू झाल्या. त्यांत माग काढणे, आज्ञापालन आणि संरक्षण या तिन्ही अंगांची परीक्षा असते. संरक्षणाच्या भागातही कुत्रा किती चावतो याइतकेच तो सांगितल्याबरोबर सोडतो की नाही यास महत्त्व असते. जाहिरातीतील अर्ध्या मिनिटाच्या दृश्यात मात्र चावणे तेवढे उरते.

याहून मोठी गोष्ट अशी की, कुत्रा ज्या शब्दासरशी थांबतो तो शब्द त्याला एका विशिष्ट माणसाने, विशिष्ट स्वरात, महिनोन्‌महिने शिकविलेला असतो. पोलीस दलातील कुत्र्यासोबत त्याचा हाताळणारा कर्मचारीही शिक्षण घेतो, आणि शिक्षण पुरे झाल्यावरही दोघांचा सराव चालू राहतो. कारण सराव बंद पडला की शिक्षण विसरले जाते. विकत घेतलेल्या कुत्र्यासोबत शिक्षकाचा हात येत नाही. ज्याने कधी कुत्रा शिकविला नाही अशा धन्याकडे तो आला, म्हणजे चावण्याची सवय टिकून राहते आणि सोडण्याची आज्ञा हळूहळू निष्प्रभ होते. नांगरटीच्या दिवसांत रोज अर्धा तास कुत्र्याच्या सरावासाठी काढणे ज्यास शक्य नाही, त्याने चावण्याचे शिक्षण दिलेला कुत्रा घरी आणणे म्हणजे भरलेली बंदूक ओसरीवर ठेवण्यासारखेच आहे.

अमेरिकेतील न्यूयॉर्क टाइम्स या वृत्तपत्राने २०११ साली २ लाख ३० हजार डॉलर किमतीच्या एका जर्मन शेफर्ड कुत्रीचा वृत्तान्त छापला होता. तो प्रसिद्ध झाल्यापासून अशा किमतींच्या कथा जगभर फिरत आहेत. त्या ऐकून आपल्याकडील एक लाख रुपये स्वस्त वाटू लागतात, हीच त्या कथांची विक्रेत्यास होणारी मोठी मदत. परंतु तो बाजार धनिकांचा आहे. त्यांच्याकडे कुत्र्यासाठी स्वतंत्र माणूस असतो.

आपल्या देशातील अलीकडचे उदाहरण अधिक बोलके आहे. मार्च २०२५ मध्ये बंगळूर येथील एका गृहस्थाने लांडग्याच्या संकराचा कुत्रा ५० कोटी रुपयांना परदेशातून आणल्याची बातमी देशोदेशीच्या वृत्तपत्रांत झळकली. परकीय चलनाचा एवढा व्यवहार झाला कसा, हे तपासण्यासाठी एप्रिल २०२५ मध्ये अंमलबजावणी संचालनालयाचे अधिकारी त्यांच्या घरी गेले. तेव्हा आयातीचा दावा खरा नसल्याचे व छायाचित्रातील कुत्रा दुसऱ्याच्या मालकीचा असल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. ज्या बातमीवर जगाने विश्वास ठेवला ती एका भेटीत कोसळली. पुसदच्या शेतकऱ्यास दाखविले जाणारे कागद तपासण्यास कोणतेही संचालनालय येणार नाही. ते त्याचे त्यालाच तपासावे लागतात.

‘इम्पोर्ट लाइन’ व इतर शब्द

जाहिरातीत काही शब्द वारंवार आढळतात. ‘इम्पोर्ट लाइन’ याचा अर्थ कुत्रा परदेशातून आला असा नाही. त्याचा आजा किंवा पणजा परदेशातून आला होता, एवढाच दावा त्यात असतो. ‘चॅम्पियन लाइन’ म्हणजे पूर्वजांपैकी कोणास तरी प्रदर्शनात बक्षीस मिळाले. प्रदर्शनात ठेवण, चाल व केस पाहिले जातात. अंधाऱ्या रात्री धुऱ्यावर उभे राहण्याची हिंमत तेथे तपासली जात नाही. ‘केसीआयचा कागद’ म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडिया या संस्थेतील नोंद. हा कागद खरा असेल तर वंशावळ कळते. स्वभाव, आरोग्य व शिक्षण यांविषयी तो काही सांगत नाही. ‘पूर्ण शिकविलेले पिल्लू’ हा शब्दप्रयोग तर आपणच आपल्यास खोडून काढतो, कारण चार महिन्यांच्या पिलाला राखणीचे शिक्षण देता येत नाही. मोठ्या जातीच्या कुत्र्याचा स्वभाव दीड-दोन वर्षांनी पक्का होतो.

खरोखरच परदेशातून आलेल्या कुत्र्याची खूण सोपी आहे. असा प्राणी मुंबई, दिल्ली, चेन्नई, कोलकाता यांसारख्या ठरावीक ठिकाणच्या केंद्र शासनाच्या पशु विलगीकरण व प्रमाणन सेवेच्या तपासणीतूनच देशात येतो. त्याच्यासोबत निर्यात करणाऱ्या देशाच्या पशुवैद्यकाचे आरोग्यपत्र आणि आपल्या विलगीकरण अधिकाऱ्याचे पत्र असते. शिवाय २५ एप्रिल २०१६ च्या अधिसूचनेने व्यापारी पैदाशीसाठी कुत्री आयात करण्यास मनाई करण्यात आली आणि आयात मुख्यतः स्वतःच्या पाळीव कुत्र्यांपुरती, संशोधनापुरती व सैन्य-पोलीस यांच्यापुरती मर्यादित झाली. या बाबतीतील नियम वेळोवेळी बदलतात. तेव्हा खरेदीच्या दिवशी काय लागू आहे हे तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून घ्यावे. ‘आत्ताच परदेशातून आलेला’ कुत्रा दाखविणाऱ्याकडे विलगीकरणाचे पत्र मागितले असता बहुधा संभाषणाचा विषय बदलतो.

‘लवकरच बंदी येणार, आजच घ्या’ ही आणखी एक विक्रीची भाषा. तिला आधार आहे तो असा : १२ मार्च २०२४ रोजी केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने रॉटवायलर, कांगाल, कॉकेशियन शेफर्ड, केन कॉर्सो आदी २३ प्रकारच्या कुत्र्यांच्या विक्री व पैदाशीस परवाने देऊ नयेत असे राज्यांना कळविले. एप्रिल २०२४ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने हे परिपत्रक रद्द ठरविले. म्हणजे प्रश्न वादाचा आहे. वादग्रस्त वस्तू घाईने विकत घेण्यात शहाणपण नाही, असाच याचा अर्थ शेतकऱ्याने घ्यावा.

उन्हाळा, खुराक व आयुष्य

यवतमाळ जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो. कुत्र्याच्या अंगास माणसासारखा घाम येत नाही. धापा टाकून जिभेवाटे व श्वासावाटे तो उष्णता बाहेर टाकतो. दाट दुपदरी केसांचा, पन्नास किलो वजनाचा कॉकेशियन कुत्रा कॉकेशसच्या हिमात सुखी असतो. पत्र्याच्या शेडखाली बांधला असता दुपारी दोन वाजता तो केवळ जीव जगवीत असतो. रात्री राखणीस उठण्याचे त्राण त्याच्यात उरत नाही. कुत्र्याच्या शरीराचे स्वाभाविक तापमान सुमारे ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असते. ते ४१ च्या पुढे गेल्यास उष्माघात होऊन काही तासांत मृत्यू ओढवू शकतो. अशा वेळी कुत्र्यास सावलीत न्यावे, पोट, काखा व जांघा गार पाण्याने भिजवून वारा घालावा, शुद्ध हरपलेली असल्यास तोंडात पाणी ओतू नये, व लगेच दवाखान्यात न्यावे.

खुराकाचा हिशेब विक्रेता सांगत नाही, तो येथे मांडला आहे. वीस किलो वजनाच्या कामाच्या कुत्र्यास दिवसास सुमारे १,२०० ते १,३०० कॅलरी लागतात, तर पन्नास किलोच्या कुत्र्यास सुमारे २,४०० ते २,५००. शंभर ग्रॅम ज्वारीत साधारण ३५० कॅलरी धरल्या, तर लहान कुत्र्याची गरज रोज साडेतीनशे ग्रॅम धान्याइतकी आणि मोठ्याची सातशे ग्रॅम धान्याइतकी होते. वर्षाचे धान्य अनुक्रमे सव्वा क्विंटल व अडीच क्विंटल झाले. नुसत्या भाकरीवर कोणताही कुत्रा नीट वाढत नाही. त्यास अंडी, दूध, मांस वा निदान शिजविलेली डाळ यांतून प्रथिने द्यावी लागतात. मोठ्या जातीचे पिल्लू झपाट्याने वाढत असताना प्रथिने व चुना यांचे प्रमाण बिघडल्यास त्याचे पाय वाकडे होतात. अशी पिले दवाखान्यांत आणली जातात आणि विक्रेत्याकडे बोट दाखविले जाते. त्या एका बाबतीत दोष बहुधा विक्रेत्याचा नसतो.

जर्मन शेफर्ड, रॉटवायलर व इतर मोठ्या जातींत खुब्याच्या सांध्याचा आनुवंशिक विकार पुष्कळ आढळतो. पिलाकडे पाहून तो ओळखता येत नाही. आईबापांच्या खुब्यांची क्ष-किरण छायाचित्रे मागणे एवढेच खरेदीदाराच्या हाती असते. पन्नास किलोचा कुत्रा साधारण आठ-दहा वर्षे जगतो. पहिली दोन वर्षे वाढीची आणि शेवटची दोन-तीन म्हातारपणाची वजा केली, तर कामाची चार-पाच वर्षे राहतात. समजा, दहा एकरांच्या शेतकऱ्याने एक लाख रुपये देऊन असा कुत्रा घेतला. खुराक, लसी व औषधे न धरताही कामाच्या प्रत्येक वर्षामागे वीस ते पंचवीस हजार रुपये पडले. तेवढ्या रकमेत हंगामातील नेमके दोन महिने जागलीस माणूस ठेवता येतो की नाही, याचा हिशेब प्रत्येकाने आपल्या गावच्या मजुरीवरून करावा.

जंगली जनावरापुढे कुत्रा किती उपयोगी

रानडुकरे एकटी येत नाहीत, कळपाने येतात. जुन्या नराचे सुळे कुत्र्याचे पोट फाडू शकतात. एकटा कुत्रा, तो कितीही किमतीचा असो, कळपास अडवू शकत नाही. जवळ धनी असला तर तो भुंकून कळप बुजवू शकतो. रोही भुंकण्यास भितो व दूर पळतो, पण कुत्रा बांधलेला असेल तर तो शेताच्या दुसऱ्या टोकास येऊन चरतो. वानरे तर साखळीची लांबी दोन दिवसांत ओळखतात. म्हणजे कुत्र्याचा खरा उपयोग जाग आणण्याचा आहे. हे काम वीस किलोचा गावरान कुत्रा पन्नास किलोच्या परदेशी कुत्र्याइतकेच, किंबहुना अधिक चांगले करतो, कारण त्याची झोप हलकी असते आणि शिवारातील ओळखीचा व अनोळखी आवाज त्याला कळतो.

बिबट्याचा वावर असलेल्या भागात आणखी एक धोका आहे. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचा अहमदनगर, जिल्ह्यातील अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास करण्यात आला. तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. बिबट्याच्या आहारात वजनाच्या दृष्टीने सर्वांत मोठा वाटा, सुमारे ३९ टक्के, पाळीव व भटक्या कुत्र्यांचा असल्याचे त्यात आढळले. साखळीने बांधलेला कुत्रा बिबट्यापासून राखण करीत नाही, तो त्याचे भक्ष्य ठरतो. अशा गावी रात्री कुत्र्यास बंद, जाळीदार पडवीत ठेवणे हाच मार्ग आहे. तेथूनही तो भुंकून जागे करतो.

वाघाच्या बाबतीत याच जिल्ह्यातील प्रसंग सर्वांच्या स्मरणात असेल. २०१८ साली पांढरकवडा-राळेगाव भागात तेरा माणसांच्या मृत्यूस जबाबदार मानलेल्या टी-१ ऊर्फ अवनी या वाघिणीच्या शोधमोहिमेत इटलीतील केन कॉर्सो जातीची कुत्रीही आणण्यात आली होती. त्या काळात या जातीचे नाव खेडोपाडी पोहोचले. वाघीण २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री गोळीने मारली गेली. ज्या मोहिमेत वनखात्याचा मोठा ताफा, हत्ती आणि ड्रोन वापरावे लागले, तेथील एका घटकाच्या नावावर शेतराखणीचा कुत्रा विकणे हे उघडच अप्रस्तुत आहे.

कुत्रा सोडून वन्य प्राण्याचा पाठलाग करवून त्यास मारणे हा वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ अन्वये शिकारीचा गुन्हा ठरतो, हेही ध्यानात ठेवावे. पिकाचे नुकसान झाल्यास वनखात्याकडे तातडीने अर्ज करून पंचनामा करवून घ्यावा. भरपाईचा मार्ग तोच आहे.

परदेशी कुत्रा यशस्वी झाला ते कोठे

आफ्रिकेतील नामिबिया देशात चित्ते शेळ्यामेंढ्या मारीत व शेतकरी चित्ते मारीत. तेथील चित्ता संवर्धन संस्थेने १९९४ पासून तुर्कस्तानच्या अनातोलियन कुत्र्यांची पैदास करून पिले शेतकऱ्यांस देण्यास प्रारंभ केला, व ही योजना यशस्वी झाली. तिचे रहस्य जातीइतकेच संगोपनात आहे. पिल्लू काही आठवड्यांचे असतानाच कळपात सोडले जाते. ते शेळ्यांसोबत झोपते, त्यांच्याबरोबर रानात जाते. संस्थेचे लोक शेतकऱ्यास शिकवितात आणि पुढे येऊन पाहणीही करतात. कुत्रा चित्त्याशी झुंजत नाही. तो कळप व चित्ता यांच्यामध्ये उभा राहून भुंकतो, आणि जखमी होण्याचा धोका नको म्हणून चित्ता निघून जातो.

पिलाच्या वयाचे हे महत्त्व शास्त्रास ठाऊक आहे. अमेरिकेतील स्कॉट व फुलर या संशोधकांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखविले की, तिसऱ्या आठवड्यापासून सुमारे बाराव्या आठवड्यापर्यंत पिल्लू ज्यांच्या सहवासात असते त्यांना ते आपले मानते. आपल्याकडील धनगर हे ग्रंथावाचून जाणतात. त्यांची पिले मेंढरांच्या वाड्यातच जन्मतात आणि वाढतात.

आपल्याकडे काय उपलब्ध आहे

महाराष्ट्र व कर्नाटक यांच्या सीमाभागातील कारवान अथवा मुधोळ हाउंड ही सडपातळ, वेगवान जात मुधोळच्या घोरपडे राजघराण्याने जोपासली. तिच्यावर २००५ साली भारतीय टपाल खात्याने तिकीट काढले. सैन्यानेही तिचे शिक्षण करून पाहिले. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोकडे ती राजपालयम व चिप्पीपराई यांसोबत नोंदविलेली आहे. ऊन तिला सोसते. मात्र ती मुळात ससा पळविणारी शिकारी जात आहे. तिचे नावही आता फुगवून सांगितले जाऊ लागले आहे. ‘सैन्याने घेतलेला कुत्रा’ या शब्दांवर गावरान पिलाची किंमत दहापट होत असेल, तर ती जाहिरात परदेशी कुत्र्याच्या जाहिरातीची बहीणच समजावी.

सामान्य शेतकऱ्यास सर्वांत सोयीचे म्हणजे ओळखीच्या धनगराच्या वाड्यावरील किंवा तांड्यावरील कामसू कुत्रीचे पिल्लू. ते घेण्यापूर्वी आई पाहावी. ती अनोळखी माणसावर भुंकावी, पण धन्याने हटकल्यावर गप्प व्हावी. भिऊन शेपूट घालून चावणाऱ्या कुत्रीचे पिल्लू घेऊ नये. पिल्लू आठ आठवड्यांचे होईपर्यंत आईपासून तोडू नये. कुत्री-पैदास व विक्रीसंबंधीच्या २०१७ च्या नियमांतही त्याआधी पिल्लू विकण्यास मनाई आहे, आणि पैदास करणाऱ्याची राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी आवश्यक आहे.

घरी आणल्यावर त्यास शेळ्यांच्या गोठ्याजवळ ठेवावे, घरातील मुले, सालदार, शेजारी व दूध नेणारा यांची ओळख करून द्यावी. दिवसभर बांधून ठेवलेला कुत्रा चिडका होतो. तो राखणदार होत नाही. सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून पार्वो, डिस्टेंपर इत्यादी रोगांवरील लसी तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळाव्या आठवड्यापर्यंत टोचाव्यात. पार्वोमुळे महागडी पिले खरेदीनंतर आठवड्याभरात मरतात, कारण प्रवासात ती लागण घेऊन येतात. तीन महिन्यांच्या वयास पिसाळरोगाची लस, आणि पुढे दरवर्षी. गोचिडांचा बंदोबस्त पावसाळ्यात विशेष करावा. पैदास करावयाची नसल्यास नर वा मादी यांची नसबंदी करून घ्यावी. त्याने भुंकणे कमी होत नाही, भटकणे कमी होते.

कुत्रा कोणास चावल्यास जखम पंधरा मिनिटे साबण व वाहत्या पाण्याने धुवावी व त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात लस घ्यावी. हळद, चुना, मिरची लावू नये. आपल्या जनावरामुळे दुसऱ्याच्या जिवास धोका होऊ न देण्याची पुरेशी काळजी न घेतल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. चावण्यासाठी शिकविलेला कुत्रा बाळगणाऱ्यास ‘मला माहीत नव्हते’ असे म्हणता येणार नाही.

एवढे जाणूनही ज्यास परदेशी जातीचा कुत्रा घ्यावयाचा असेल त्याने चित्रफितीवर व्यवहार करू नये. स्वतः जाऊन कुत्रा पाहावा. बाही न घातलेल्या अनोळखी माणसापुढे तो कसा वागतो, आज्ञा मिळताच सोडतो की नाही, आणि दुपारच्या उन्हात कसा दिसतो, हे पाहावे. सोबत पशुवैद्यक असल्यास उत्तम. पावतीवर जात, वय, लसींच्या तारखा, विक्रेत्याचा नोंदणी क्रमांक आणि ‘शिकविलेला’ म्हणजे नेमके काय शिकविलेला, हे लिहून घ्यावे. आगाऊ रक्कम मोबाइलवरून पाठविल्यावर कुत्रा न आल्यास किंवा दुसराच आल्यास, पावती व संदेश जपून ठेवलेले असले तरच ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ अन्वये जिल्हा आयोगाकडे दाद मागणे सुकर होते. तत्पूर्वी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर तक्रार नोंदविता येते. आजारी जनावरासाठी फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा क्रमांक १९६२ आहे. पिल्लू आणावयाचे झाल्यास ते दिवाळीच्या सुमारास आणावे. म्हणजे त्याच्या लसी थंडीत पुऱ्या होतात, पहिला उन्हाळा ते सावलीत काढते, आणि पुढील खरिपात तूर शेंगांवर येईपर्यंत ते वर्षाचे होऊन धन्यासोबत धुऱ्यावर जाण्याजोगे झालेले असते.